जावेची वही

वस्तीत कुणाचं काही अडलं की लोक म्हणायचे, "वाचनालयात जा, ग्रंथपालबाईंना विचारा." बावीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि बाईंना त्याची सवय झाली होती. म्हणूनच लोक त्यांच्या घरी येऊन त्यांच्याऐवजी धाकट्या जावेला विचारू लागले, तेव्हा बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

धाकटी दहावी नापास. घरी बसून कपडे उसवून-शिवून द्यायची. तिच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मायलेकींचं सगळं पदर ओढण्यावर आणि हातवाऱ्यांवर भागायचं. एका दुपारी धाकटी बाही जोडायची रीत फोनवर शोधत होती. शोधता शोधता ती खुणांची भाषा शिकवणाऱ्या एका वेबसाइटवर पोचली. रोज एक धडा, तोही फुकट. तीन महिन्यांनी पोरीने बोटांनी विचारलं, 'आई, तू रागावलीस?' धाकटी मशीन सोडून रडत सुटली.

मग तिला नादच लागला. अपंगांचे हक्क सांगणारी एक साइट, मारहाण होणाऱ्या बायकांनी कुठे जावं ते सांगणारी दुसरी, मोठ्या माणसांना अपूर्णांक शिकवणारी तिसरी. सगळे पत्ते ती एका वहीत उतरवायची. बाईंनी ती वही एकदा चोरून चाळली. नाव ठेवायला जागा सापडेना, त्याचाच जास्त राग आला.

"फोनवर काय, कुणीही काहीही लिहितं," त्या जेवताना म्हणाल्या.

"हो ना," म्हणून धाकटीने भाजी वाढली. ती भांडतही नव्हती!

त्यातच वाचनालयाच्या अध्यक्षांनी ठरवलं, की दर गुरुवारी धाकटीने वाचनालयातल्या संगणकावर लोकांना या साइट दाखवाव्यात. बाईंना विचारलंसुद्धा नाही. पहिल्याच गुरुवारी बाईंनी संगणकावर चिठ्ठी चिकटवली : 'नादुरुस्त'.

सात-आठ बायका आल्या आणि चिठ्ठी वाचून परत गेल्या. बाईंना बरं वाटलं. एक मात्र गेली नाही. कडेवर मुलगी, पायांवर धूळ, लांबून चालत आलेली.

"हिला ऐकू येत नाही. सहावं लागलंय," ती म्हणाली. "बहिऱ्या मुलांच्या शाळेत बालवर्गात घ्यायचं वय निघून गेलं म्हणतात. खरंय का?"

धाकटीने तिला बसवलं आणि आपल्या फोनवर शोधायला घेतलं. थोड्या वेळाने ती कपाटाशी उभ्या असलेल्या बाईंकडे आली.

"जाऊबाई, एक साइट म्हणते पाच वर्षांपर्यंत, दुसरी म्हणते सात. मला सापडतं सगळं, पण खरं कुठलं ते नाही कळत. तुम्ही पुस्तकाचं कसं ओळखता?"

बाईंनी फोन हातात घेतला. दोन्ही पानं अगदी तळापर्यंत नेली. कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय ते पाहिलं. पाचवाली नऊ वर्षांपूर्वीची निघाली. सातवाली शिक्षण खात्याची होती आणि गेल्याच महिन्यात सुधारलेली.

"वय गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. त्या आईने मुलीला इतकं आवळलं की मुलगी किंचाळली.

मायलेकी गेल्यावर बाईंनी चिठ्ठी ओरबाडून काढली. "संगणक ठीक आहे. ही मीच लावली होती."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "दिवा चालू दिसत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तुम्ही आणखी चिडला असता."

परत गेलेल्या बायकांच्या घरी बाई दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन आल्या. प्रत्येकीला सांगितलं, पुढच्या गुरुवारी या.

आता गुरुवारी दोन खुर्च्या मांडलेल्या असतात. बायका आत आल्या की आधी धाकटीकडेच वळतात, आणि बाईंना अजून टोचतं. पण कागदावर पत्ता लिहून देताना धाकटी म्हणते, "आधी जाऊबाईंकडून तपासून घ्या." मग बायका बाईंसमोर उभ्या राहतात. बाई चष्मा काढतात आणि जरा जास्तच वेळ लावून पुसतात.