यादीत नसलेली फाइल

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. माझ्या अकलेचे दिवे मी स्वतःच्या हातानं पाजळले, आणि तेही एक नाही, दहा कॉम्प्युटरांवर!

यवतच्या एका शाळेत मी नवा कॉम्प्युटर मास्तर लागलो होतो. लॅबमध्ये दहा कोरी मशीन आलेली. दोन दिवसांवर उद्घाटन. हेडसरांनी बजावलं, "त्या दिवशी व्हायरस निघाला, तर नोकरी गेली समजा!"

मग मी पुण्याच्या मित्राकडून फ्लॉपीवर एक प्रोग्राम आणि एक यादी आणली. बघा, प्रत्येक फाइलीचा एक ठसा असतो, आपल्या अंगठ्यासारखा. बत्तीस अक्षरांचा. फाइलीत एक टिंब बदललं, तरी ठसा पार वेगळा! कंपनीच्या सीडीवरून मशीनमध्ये ज्या फाइली येतात, त्या सगळ्यांचे ठसे यादीत. ठसा यादीत असला तर फाइल ओळखीची, नसला तर परकी. सोपं आहे की नाही?

यादी मशीनवर उतरवली, प्रोग्राम फ्लॉपीवरूनच लावला. हजारो फाइली ओळखीच्या. एक मात्र अनोळखी! प्रोग्राम तिचं नाव-गाव सांगेना, दाखवायचा नुसता ठसा.

दुसरं मशीन, तिसरं मशीन... दहाच्या दहा ठिकाणी एक-एक परकी फाइल, आणि ठसा तोच!

"सर, साथ आहे!" मी धावत जाऊन सांगितलं.

हेडसर संस्कृतचे. त्यांनी 'साथ' फारच मनावर घेतली. लॅबच्या दारात चुन्याची फक्की, व्हरांड्यात कडुलिंबाची धुरी. शिपाई भीमरावमामा तोंडाला रुमाल बांधून फिनेल शिंपडायला लागले.

इकडं मी प्रोग्रामला हुकूम दिला, उडव ती फाइल. उडवली! पुन्हा तपासायला गेलो, तर माझी यादीच गायब! म्हणजे व्हायरस मरता मरता यादी खाऊन गेला? फ्लॉपीवरून यादी परत उतरवली. बघतो तर काय, मेलेला जिवंत!

मीही हट्टाला पेटलो. त्याचा ठसाच यादीत लिहिला. राहा बाबा, तूही ओळखीचा! तर ठसा बदललेला. नवा लिहिला, पुन्हा बदलला!

"सर, हा रूपं बदलतोय! उद्घाटन पुढं ढकला!"

"अहो, पत्रिका वाटून झाल्या!" हेडसरांनी पत्रिकाच माझ्यापुढं नाचवली.

सकाळपासून माझी ठशांची बडबड ऐकणाऱ्या मामांनी फिनेलची बादली खाली ठेवली. "सर, सगळ्या फाइलींचे ठसे त्या यादीत हायेत?"

"सगळ्यांचे."

"आन् यादी म्हंजी बी एक फाइलच का?"

"हो."

"मग यादीचा ठसा यादीत हाय व्हय?"

अरे देवा! ती परकी फाइल म्हणजे माझीच यादी! मीच तिला मशीनवर नेऊन ठेवत होतो, आणि तिच्यात काही लिहिलं की तिचाच ठसा बदलत होता!

नशीब, हेडसर तोवर पाणी प्यायला गेले होते. मी यादी पुसली, मामांना हात जोडले. "कुणाला बोलू नका." हेडसरांना एवढंच कळवलं, "मिटलं."

उद्घाटनाला गाव लोटलं. हेडसर माइकवरून गरजले, "व्हायरसची एवढी मोठी साथ, पण आमच्या या सरांनी एकट्यानं हटवली!"

टाळ्याच टाळ्या! तेवढ्यात मामा माइकची दांडी सरळ करायला वाकले आणि माझ्याकडं बघत पुटपुटले. बिचारे माझ्यापुरतंच बोलले हो, पण तोंड माइकसमोर होतं:

"आन् आणली बी त्यांनीच!"