लाव तुझं ते भांडण!

गणपतीच्या कारखान्यात दोन्ही हात कामात आणि तोंड मोकळं, अशी अवस्था बाराही महिने असते. त्यामुळे किस्से साचतात. फुटलेला साचा आम्ही टाकून देतो, पण किस्सा कोणी टाकत नाही. उलट दर हंगामाला त्याच्यावर नवा रंग चढतो! नव्वदच्या दशकात मी पेणला अप्पांच्या कारखान्यात पीतांबर रंगवायचो. तेव्हापासून माझ्याकडे साठलेल्या किश्श्यांतले निम्मे एकट्या सुध्याचे आहेत.

सुध्या आमचा आखणीवाला. म्हणजे मूर्तीचे डोळे आखणारा. कारखान्यातलं सगळ्यात नाजूक काम, आणि ते सगळ्यात वाह्यात माणसाच्या हातात!

*

सुध्याचे भावोजी बोटीवर कामाला होते. एकदा त्यांनी परदेशातून चार कॅसेट आणल्या. ना कव्हर, ना नाव, नुसत्या इंग्रजी मासिकाच्या पानात गुंडाळलेल्या. सुध्याने त्या ऐकल्या आणि तो कामातून गेला.

"रॅप म्हणतात याला. अंडरग्राउंड!" तो आम्हाला सांगायचा.

"गाणाऱ्याचं नाव काय?" मी विचारलं.

"नाव कळलं तर तो अंडरग्राउंड राहिला कुठे?"

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यात टेप लावला. अप्पांनी हातातलं काम थांबवून अख्खं गाणं ऐकलं. अप्पा म्हणजे आमचे मालक. साठीचे, पक्के भजनी, गळ्यात तुळशीची माळ.

"हा भांडतोय कोणाशी?"

"सिस्टीमशी, अप्पा."

अप्पांनी जरा विचार केला. "आणि ती सिस्टीम काय बोलते, ते कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला हाय काय?"

*

अप्पांनी अर्थातच बंदी घातली. आखणी चालू असताना कारखान्यात आवाज नको, लावायचंच असेल तर भजन लावा, असा त्यांचा जुना नियम. सुध्या मुकाट्याने भजनावर डोळे आखत बसला.

आठवड्याने जवळच्या गडब गावचं एक गिऱ्हाईक मूर्ती ठरवायला आलं. नवरा-बायको या मूर्तीसमोरून त्या मूर्तीसमोर जात होते, पण पसंतीचं चिन्ह दिसेना. शेवटी बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, "अवो, हे सगले गणपती पेंगतान कशे?"

अप्पांनी चष्मा पुसून पाहिलं. खरंच! सगळी रांग दुपारी जेवून बसल्यासारखी. पापण्या निम्म्यावर.

"माझा हात गाण्याबरोबर चालतो," सुध्या म्हणाला. "गाणं झोपाळू, तर डोळे झोपाळू."

अप्पा सोवळ्यातले, पण धंद्याला पक्के. त्यांनी स्वतः टेपपाशी जाऊन भजनाची कॅसेट काढली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "लाव तुझं ते भांडण!"

त्या वर्षी आमच्या गणपतींचे डोळे असे टपोरे आणि जागे होते की समोर उभं राहून खोटं बोलायची सोय नव्हती.

*

कॅसेट ज्या पानात गुंडाळल्या होत्या, त्यावर एका रॅपरचा फोटो होता. ढगळ पँट, खाली घसरलेली. सुध्याने ते पान शिंप्याकडे नेलं आणि सांगितलं, "कंबर भरपूर मोठी ठेवा."

शिंपी अनुभवी. "लग्न ठरलं काय रे? जाडा होशील त्या हिशेबान शिवू?"

पँट आली. बेल्ट लावला तर फील जातो, असं सुध्याचं म्हणणं. मग एका हाताने ब्रश आणि दुसऱ्या हाताने पँट, असं त्याचं काम सुरू झालं. मूर्ती फिरवायला तिसरा हात कुठून आणायचा? अप्पा दिवसभर ओरडायचे, "सुध्या, ती पँट धर आधी, मग ब्रश धर!"

त्याच्या आईला तर भलताच घोर लागला. ती शेजारणीला सांगत होती, "शिंप्यान फशिवलान गो माझ्या पोराला. दुसऱ्याच कुणाची पँट दिलान!"

*

नुसतं ऐकून सुध्याचं भागेना. त्याला आपला एक रॅपर हवा होता, आपल्या मातीतला, अजून कोणाला न सापडलेला. आणि तो त्याला सापडला गडबच्या चहाच्या टपरीवर!

मधुकर त्याचं नाव. घरी भातशेती, आणि डोलवीकडे एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. त्याची बस चुकली होती आणि तो टपरीवाल्याला त्याची कैफियत सांगत होता. पण सांगत होता ती अशी:

"सायरन झाला, भाकरी माजे हातान,
बस गेली फाट्यावरशी, मी अजून शेतान!
मुकादम बोलतं, लेट झालास, हजरी कापीन आज,
आरं बस तुजी लवकर गेली, तुला नाय लाज?"

सुध्याच्या हातातला चहा सांडला. "मित्रा, आजपासून तू रॅपर!"

मधुकरने शांतपणे विचारलं, "म्हंजे काम सोरावा लागंल का?"

त्या दिवसापासून सुध्याला एकच ध्यास लागला. मधुकरला एकदा तरी स्टेज मिळालं पाहिजे, लोकांनी त्याला समोर बसून ऐकलं पाहिजे. पेणातल्या झाडून सगळ्या मंडळांना तो भेटून आला. सगळ्यांनी त्याची पँट बघितली आणि चहा पाजून परत पाठवलं. आम्ही हसायचो. पण एकदा तो मूर्तीकडे बघत मला म्हणाला, "मला स्वतःला काय येत नाय रे. पण चांगलं काय ते कळतं. त्याचा कोणाला उपयोगच नसेल, तर काय करायचं?" मला वाईट वाटलं.

*

मग सुध्याने कारखान्यातच रेकॉर्डिंग केलं. ठेका धरला रंगाच्या रिकाम्या डब्यावर. मधुकर ऐन रंगात आला आणि आतल्या खोलीतून, रंगाचा हात देणाऱ्या पोरांवर ओरडणाऱ्या अप्पांचा आवाज आला, "सुकला काय रे पयला हात? मारा दुसरा!"

झालं, ते पण कॅसेटमध्ये गेलं! पुन्हा रेकॉर्ड करायला मधुकरकडे वेळ नव्हता, त्याची शिफ्ट होती. आणि ज्याला ज्याला कॅसेट ऐकवली तो म्हणायचा, "तो म्हातारा भारी आहे. त्याला अजून घ्या!"

*

कॅसेटच्या कॉप्या काढल्या, आणि त्यांना कव्हर हवं म्हणून सुध्याने कारखान्याची जाहिरातीची चित्रं कापून लावली. छान मोदक घेतलेला गणपती! रोह्याच्या एका दुकानदाराने कॅसेट ठेवून घेतल्या आणि कव्हर बघून सरळ भक्तिगीतांच्या फळीवर लावल्या.

माघी गणपतीला रोह्याच्या एका मंडळाने त्यातलीच एक नेली. मंडपात बायका हळदीकुंकवाला जमलेल्या, भटजी पूजेची तयारी करतायत, आणि कर्ण्यावरून आलं, "सायरन झाला, भाकरी माजे हातान!"

भटजी दचकले. अध्यक्ष टेप बंद करायला धावले. तेवढ्यात अप्पांचा आवाज घुमला, "मारा दुसरा!" आणि बायका अशा काही हसायला लागल्या की अध्यक्षांचा हात बटणावरच राहिला. नंतर तिथली पोरं ती कॅसेट रोज लावू लागली. आम्हाला याचा पत्ताच नव्हता.

*

भाद्रपदात त्याच मंडळाची मूर्ती आमच्याकडून गेली, म्हणून त्यांनी अप्पांना दुपारच्या शक्ती-तुऱ्याला बोलावलं. अप्पांबरोबर मी, सुध्या आणि सुट्टी म्हणून मधुकरही. शक्ती-तुरा म्हणजे दोन शाहिरांचा, एक शक्तीवाला आणि एक तुरेवाला, सामना. एकाने गाण्यातून टोचायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच परत करायचं. त्या दिवशी तुरेवाले आले, पण शक्तीवाल्या शाहिराचा घसा बसला. मंडप भरलेला, आणि समोरची बाजू रिकामी!

अध्यक्ष घाम पुसत असताना सुध्या एका हाताने पँट आणि दुसऱ्या हाताने मधुकरला धरून स्टेजपाशी गेला. "हा बसतो समोर!"

मधुकर माईकसमोर उभा राहिला. त्याने "सायरन झाला" म्हटलं मात्र, पोरं उठलीच! ढोलकीवाल्याने ठेका पकडला. आणि नेमक्या जागी अख्ख्या मंडपाने आरोळी ठोकली, "सुकला काय रे पयला हात? मारा दुसरा!"

पहिल्या रांगेत बसलेले अप्पा उडालेच. "हे माझं वाक्य यांना कोणी शिकवलान?"

टाळ्या थांबल्या, तसे तुरेवाले म्हातारे शाहीर उठले. त्यांनी ढोलकी थांबवली. "बाला, गातोस झकास. पन आपल्यात रीत हाय. गुरूचा नाव घेतल्याबिगर मी जबाब देनार नाय. तुजा गुरू कोन? नसंल तर खाली उतर."

सुध्याचा चेहरा पांढरा पडला. गुरू तर त्या कव्हर नसलेल्या कॅसेटमध्ये, आणि त्यांचं नाव कोणालाच माहीत नाही! वर्षभराची धडपड, आणि आता पोरगा खाली उतरणार.

मधुकरने आमच्याकडे पाहिलं आणि माईक तोंडाजवळ घेतला. "गुरू माजा सुधीर, पेनचा. देवाचं डोलं आखतो तो. माज्याकडं पयला त्यानंच बघितलान."

शाहिरांनी मान हलवली. मग रीतीप्रमाणे समोरच्याच्या गुरूचा मान म्हणून नारळ मागवला आणि सुध्याला वर बोलावलं. सुध्या स्टेजवर गेला. डोळे भरलेले. शाहिरांनी त्याच्या उजव्या हातात नारळ दिला. डावा हात कमरेवर. आता एवढ्या मोठ्या माणसाच्या पाया पडायचं, तर कुठला हात सोडायचा? सुध्या तसाच अवघडून उभा. शाहीर वाट बघतायत, मंडप वाट बघतोय.

तेवढ्यात साठीचे अप्पा माळ सावरत स्टेजच्या पायऱ्या चढले आणि सुध्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

"वाक, सुध्या, वाक! पँट मी धरतो!"