पाच लिटरचा कॅन

आधीच सांगून टाकतो, माझा या प्रकारांवर काडीचाही विश्वास नव्हता. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, लाइनमनपासून सुरुवात. फोन बंद पडला की लोक म्हणायचे, काहीतरी विचित्र आवाज येतो हो... आणि मी जाऊन बघायचो तर कुठेतरी तार घासलेली, नाहीतर जोडात पाणी शिरलेलं. फॉल्ट असतो, तो शोधायचा असतो, बस. हा एक फॉल्ट मात्र मला आजतागायत सापडलेला नाही. म्हणून इथे लिहितोय. कोणाला सापडला तर जरूर कळवा, मी रागावणार नाही.

आम्ही वसईजवळच्या भुईगावचे. घरामागे छोटी वाडी आणि वाडीत बावखल. वसईबाहेरच्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आसपासच्या विहिरी गोड राहतात. आमचं बावखल माझ्या आजोबांनी खणलेलं.

आणि मी ते बुजवायला निघालो होतो.

साधारण दोन हजार तीन-चारची गोष्ट. मी नुकताच रिटायर झालेलो. वसईत जिकडे तिकडे बिल्डिंगी उठत होत्या, एका बिल्डरला माझी जागा हवी होती, आणि मला लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट हवा होता. घरात नळ आला होता. बावखलाचा उपयोग काय, तर डास! असं माझं म्हणणं. बायकोचं, सुमनचं, म्हणणं वेगळं. तिचं माहेर खाडीकाठचं, मिठागरातलं. लहानपणी दोन-दोन हंडे गोड पाण्यासाठी मैलभर चाललेली ती. लग्न ठरलं तेव्हा मुलगा बघितलाच नाही म्हणते, बावखल बघितलं आणि होकार दिला. हे ती चारचौघांत सांगते, माझ्यासमोर.

एरवी तिचं बोलणं तुमच्या-आमच्यासारखं, पण चिडली की माहेरची भाषा बाहेर येते. "बुजवा, बुजवा! पानी काय झाडाला लागतं?" एवढं म्हणाली आणि त्यानंतर त्या विषयावर अबोला.

तो अबोला फोडायला म्हणून मी ट्रिप काढली. जुनी ओम्नी घेतली होती, मागची सीट काढून गादी टाकली. दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर जायचं नाही, हायवे कंटाळवाणा वाटला की आतल्या रस्त्याने, वाटेल तिथे चहा. आधी वेळावदरची काळवीटं, मग कच्छच्या छोट्या रणातली रानगाढवं, मग जैसलमेरकडचं वाळवंटातलं अभयारण्य. महिनाभराचा बेत. परत आलो की बावखलाचं काम सुरू, असं बिल्डरला सांगून ठेवलेलं. सुमनला हे माहीत होतं. निघताना तिने बावखलाचं पाणी गाळून, उकळून पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून घेतलं. मी म्हटलं, "अगं, वाटेत बाटल्या मिळतात." तर म्हणे, "शेवटचं आहे, पिऊ द्या."

काय बोलणार? कॅन उचलून गादीशेजारी ठेवला.

त्या कॅनबद्दल सविस्तर सांगतो, कारण पुढे त्याचंच सगळं आहे. पांढरा प्लॅस्टिकचा, तेलाचा रिकामा झालेला. गावजेवणात भांडी बदलतात म्हणून मी स्वतः गॅसवर खिळा तापवून त्यावर 'सुमन' असं कोरलेलं. 'म' काढताना खिळा घसरला, त्यामुळे 'म'च्या दांड्याला खाली शेपटी आली. सुमन त्यावरून मला वर्षभर चिडवत होती.

वेळावदर मजेत झालं. तिचा अबोलाही जरा सैल झाला, काळवीटांची उडी बघून चक्क टाळ्या वाजवल्या बाईने. मग आम्ही पाटडीवरून रणात शिरलो. परवाना काढला. नाक्यावरच्या वॉचमनने बजावलं, चाकोरी सोडू नका. दुपारचे साडेतीन वाजले असतील. सगळीकडे सपाट, झाड नाही, दगड नाही. लांबवर पंधरा-वीस रानगाढवं उभी होती आणि मला फोटो हवा होता. मधे पांढराशुभ्र पट्टा, वर मिठाची खपली आलेली.

"तिकडे घालू नका," सुमन म्हणाली.

"अगं, मिठागरावर सायकली चालवून मोठे झालो आम्ही. वाळलेलं मीठ दगडासारखं असतं."

"आमचं मिठागर मानसानं धोपटून धोपटून बसवलेलं असतं. हे कोनी बसवलंय?"

मिठागरवाल्याच्या मुलीला मी मीठ शिकवत होतो! पन्नास फूट गेलो असेन, खपली पापडासारखी मोडली आणि मागची चाकं काळ्या चिखलात अर्धी बुडाली. पुढे नाही, मागे नाही. मोबाइल होता, रेंज नव्हती. सुमन उतरून गाडीला टेकून उभी राहिली.

अर्धा तास मी चाकाखाली पायपुसणी घाल, गादी घाल असे उद्योग करत होतो. वर मान केली तर समोर एक म्हातारी उभी. काळी ओढणी, हातात मीठ ओढायचं लाकडी दंताळं. कुठून आली ते आम्हा दोघांनाही दिसलं नाही. मी चाकाशी वाकलेलो, ठीक आहे. पण सुमन तर गाडीला टेकून रणाकडेच बघत होती. ती म्हणते, "नव्हती, आणि होती."

म्हातारी गुजरातीत बोलत होती. आमच्या भागात गुजराती सगळ्यांनाच थोडंफार समजतं. तिने मला टायरातली हवा कमी करायला लावली, दंताळ्याने चाकामागचा चिखल ओढून टाकला, सतरंजी अंथरायला सांगितली. "भाई, आलास त्याच चाकोरीने मागे जा. वळू नकोस." गाडी निघाली हो! तिसऱ्या झटक्याला मागे सरकली ती थेट कडक जमिनीवर.

सुमनने तिला कॅनमधलं पाणी दिलं. ओंजळ धरून प्यायली. मग थांबली, ओल्या हाताकडे बघत राहिली.

"कुठलं पाणी, बेन?"

"आमच्या घरचं. वाडीत तळं आहे."

"आहे अजून?"

आता ही 'अजून' का म्हणाली, ते मी कितीदा तरी मनात घोळवलंय. सुमन माझ्याकडे न बघता म्हणाली, "आहे. घरी गेलो की हे बुजवनार."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. शेजारच्या घरात कोणी आजारी आहे असं कळल्यावर आपण बघतो ना, तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सुमनला म्हणाली, "हा कॅन देतेस? परत पोचवीन."

सुमनने दिला, आत अर्धं पाणी होतं तसाच. मी वातावरण हलकं करायला हसत म्हटलं, "माँजी, वसई साडेपाचशे किलोमीटर लांब आहे. कुठे शोधणार आम्हाला?"

"तळं असलं की सापडेल," ती म्हणाली.

आम्ही गाडीत बसलो. मी आरशात बघितलं. मग उतरून बघितलं. चारी बाजूंना सपाट रण, कुत्रं उभं असलं तरी मैलावरून दिसेल... आणि कोणी नव्हतं. तेव्हा मला भीती वगैरे वाटली नाही, खरंच सांगतो. उन्हाची झिलई, मृगजळ, डोळे दिपले, असा फॉल्ट मी तिथल्या तिथे काढला. नाक्यावर वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, त्या बाजूला यंदा एकही मिठागर नाही, सगळे अगरिये, म्हणजे मीठ पिकवणारे, पलीकडे, आठ-दहा किलोमीटरवर. मग खांदे उडवून म्हणाला, "हशे कोई." असेल कोणीतरी. म्हटलं असेल.

पुढे जैसलमेर झालं, वाळूचे डोंगर झाले, माळढोकही लांबून का होईना दिसला. सुमन खूश होती, पण बाटलीतलं पाणी पिताना दरवेळी तोंड वाकडं. फेब्रुवारीत घरी आलो.

दुसऱ्याच आठवड्यात बिल्डरचा माणूस पंप घेऊन हजर. विरारचा तरुण पोरगा, स्वभावाने चांगला. "काका, पहिले पाणी काढतो, तुम्ही मच्छी काढून घ्या, मग भरणी करू." दीड दिवस पंप चालला. शेजारपाजारचे बादल्या घेऊन उतरले, मासे पकडायची धमाल चाललेली. सुमन मागच्या दारात पायरीवर बसून होती. रडत नव्हती. ती रडली असती तर मी तिची समजूत घातली असती. ती नुसती बघत होती, आणि मला तिच्या बाजूने जाताना मान खाली घालावी लागत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तळ दिसायला लागला. मधोमध गाळात काहीतरी पांढरं उभं होतं. आडवं नाही, उभं, कोणीतरी नीट ठेवल्यासारखं. पंपवाल्या पोराने ते उपसून काठावर आणलं, हाताने गाळ पुसला आणि मला म्हणाला, "काका, यावर नाव आहे. सुमन."

'म'ला शेपटी होती.

सुमन पायरीवरून उठून आली, मला काही न विचारता झाकण फिरवलं. घट्ट होतं, दोन्ही हातांनी फिरवलं. कॅन गळ्यापर्यंत मिठाने भरलेला. कोरडं खडखडीत मीठ. आणि आमच्या वसईचं बारीक मीठ नाही, बोराएवढे टणक खडे. असे खडे रणातच पिकतात, मिठागरवाल्याच्या मुलीला ते सांगावं लागत नाही.

तिने एक खडा जिभेवर ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "रिकामं भांडं कोनी परत करतं का?"

आपल्याकडे शेजारणीचं भांडं परत करताना त्यात काहीतरी घालून देतात. साखर, दोन लिंबं, काहीही. हेच आठवलं तिला, त्या क्षणी! आणि मला आठवलं, तळं असलं की सापडेल.

मी पंपवाल्याला म्हटलं, "बंद कर. भरणी नको."

"काका, डंपर येऊन थांबलेत गल्लीत!"

"मागे घ्यायला सांग. आले त्याच वाटेने." बिल्डरच्या दहा शिव्या खाल्ल्या. खाल्ल्या तर खाल्ल्या.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं माझं म्हणून झालेलं आहे. पहिला संशय मला बायकोचाच आला, खोटं कशाला बोलू? पण ती महिनाभर माझ्या शेजारच्या सीटवर होती, आणि कॅन रणात दिला तो माझ्या डोळ्यांदेखत. दुसरा कॅन म्हणावा तर ती शेपटी माझ्या हातची, तशी दुसरी मला मुद्दाम काढून जमली नाही. प्रयत्न केलाय, दोन कॅन फुकट घालवले. कोणी पाठलाग करून आणून टाकला म्हणावा तर कशासाठी? त्या वर्षीचं कैरीचं लोणचं आम्ही त्याच मिठात घातलं. दोन वर्षं टिकलं.

पावसाने बावखल पुन्हा भरलं. थंडीत आम्ही पुन्हा पाटडीला गेलो, कारण सुमनच्या हिशेबाने आता रिकामं भांडं आमच्याकडे होतं. तिने त्यात घरची सुकेळी भरली, म्हणजे आमच्याकडची उन्हात वाळवलेली केळी. एकेक करून त्या चिंचोळ्या तोंडातून ढकलायला मला एक अख्खी दुपार लागली. ती जागा सापडली, निदान मला तशी वाटली. म्हातारी नव्हती. संध्याकाळपर्यंत थांबलो. मग सुमनने कॅन त्या पांढऱ्या पट्ट्याच्या कडेला ठेवला, नमस्कार केला आणि आम्ही निघालो. मीही केला नमस्कार. कशाला केला, विचारू नका.

कोणीतरी उचलून नेला असेल. रानगाढवांनी सुकेळी खाल्ली असतील. शक्य आहे, मी नाही म्हणत नाही. पण दर एप्रिलमध्ये बावखलाचा गाळ काढतात तेव्हा मी मजुरांना सांगून आधी स्वतः उतरतो. गुडघे दुखतात, तरी उतरतो. मधोमध हाताने चाचपून बघतो. अजून तरी काही आलेलं नाही.

मुलगा परवा पुन्हा म्हणत होता, "बाबा, आता तरी फ्लॅटचा विचार करा." मी उत्तर द्यायच्या आत सुमन स्वयंपाकघरातून ओरडली, "माझा कॅन यायचाय अजून! तळं बुजवलंत तर तिला घर कसं सापडनार?"

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा.