रोडग्याच्या पार्टीचा नियम

मी अकोल्याच्या कोर्टात वकिली करतो. समोरच्यानं काहीही म्हटलं की आधी नाही म्हणायचं, मग विचार करायचा, ही माझी जुनी खोड. कोर्टात ती चालून जाते. घरात नाही चालली. बायको पोरीला घेऊन अमरावतीला माहेरी निघून गेली तेव्हा पोरगी शाळेत होती, आता तिथंच वेगळी राहून नोकरी करते. मी दारू सोडली त्याला दोनेक वर्षं झाली असतील. सोडली म्हणून मी काही छाती फुगवून सांगत नाही. ज्यांनी कधी धरलीच नाही, त्यांना कोण शाबासकी देतं?

सोडल्यावर मी पोरीला फोन करायला लागलो. बरेच महिने ती हो, नाही, बरं, एवढ्यावर भागवायची. मग एकदा म्हणाली, "रविवारी दुपारी आमी गेम खेळतो. खेळाचं असन तं या. नुसतं बसून बोलाचं असन तं नका येऊ." जरा थांबली अन् पुढे म्हणाली, "अन् एकदा जरी वास आला, तं ते शेवटचं."

मी म्हटलं, येतो.

मला वाटलं पत्ते असतील, नाहीतर कॅरम. निघालं भलतंच. मधोमध नकाशा पसरलेला, वीस बाजूंचे फासे, अन् एकजण गोष्ट चालवणार. ती माझी पोरगी. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, गुहेत जायचं, राक्षस मारायचे, खजिना आणायचा. काय घडलं ते पोरगी सांगणार, जमलं की नाही ते फासा सांगणार. खेळणारे दोघंच: बडनेऱ्याहून येणारा रेल्वेतला एक पोरगा अन् पोरीच्या ऑफिसातली एक मैत्रीण. तिसरा मी. मला एक म्हातारा बुटका लढवय्या दिला, हातात कुऱ्हाड, अन् सामान वाहायला एक खेचर. पन्नाशी उलटलेला माणूस मी, डोक्यावर पंखा फिरतोय अन् मी मांडी घालून राक्षसाच्या नडग्या फोडून राहिलो. पहिल्या दिवशी फार अवघडलो. तिसऱ्या-चौथ्या रविवारपर्यंत मात्र शनिवारपासूनच डोक्यात गुहा सुरू व्हायची. खेळात पोरगी मला 'तू' म्हणायची. खरं सांगतो, मी त्या 'तू'साठी जायचो.

त्यांच्या या गेमच्या पुस्तकात म्हणे असं आहे की मोहीम संपली की पात्रं गुत्त्यात जातात, ढोसतात, सोनं उधळतात, अन् फासा टाकून काय गोंधळ झाला ते ठरवतात. पोरीनं तिथं आपला घरचा नियम बसवला होता. गुत्ता काढून टाकला. त्याच्या जागी नदीकाठी रोडग्याची पार्टी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायचे, तुपात बुडवायचे, वांग्याची भाजी, वरण, अन् प्यायला मोहाची दारू. मग प्रत्येकानं फासा टाकायचा. आकडा लहान आला की 'विसर'. म्हणजे रात्री काय केलं ते तुला आठवत नाही. तू काही बोलायचं नाही. तू काय केलंस ते दुसरे सांगणार.

ते सांगून झालं की तुझ्यापुढे दोन रस्ते. नाकबूल म्हण, फासा पुन्हा टाक. मोठा आकडा आला तर सुटलास, वर बढतीही मिळते. नाहीतर कबूल म्हण. कबूल म्हणणाऱ्यानं पुढच्या रविवारी खरोखरच्या ताटल्यांत सगळ्यांना वाढायचं अन् सगळ्यांचं झाल्यावर खायचं. बढती नाही, काही नाही. त्यामुळे कबूल कोणी म्हणतच नव्हतं. मी पोरीला म्हटलंही, "तुझा नियम कच्चा आहे. यात कबूल काहून म्हणन कोणी?" ती म्हणाली, "तेच पाहून राहिली मी."

तेव्हा मला हे बोलणं खेळातलंच वाटलं.

त्या रविवारी आम्ही एक मोठा राक्षस लोळवला, अन् पार्टीत माझा फासा पडला तीनवर. विसर. रेल्वेतला पोरगा हात चोळत म्हणाला, "काकाची आता खैर नाही." तो काहीतरी सांगायला लागणार तेवढ्यात पोरगी म्हणाली, "थांब. याचं मी सांगते."

मग तिनं सांगितलं. नकाशाकडे बघत, एका सुरात. "तू खेचराला घेऊन वेशीपाशी आलास. त्याला बाकड्याजवळ बांधलं. म्हणालास, इथंच थांब, आलोच. अन् गेलास. तुझी बैलबंडी आली तेव्हा तू डुलत डुलत बंडीत चढलास अन् पुढच्या गावाला निघून गेलास. खेचर तिथंच उभं. त्याला वाटलं, आलोच म्हणाला ना, येईल. बाकड्यावरून हललं नाही, हललं तं सापडणार नाही म्हणून. अंधार पडला. तिथं एक चहावाली होती, तिनं त्याला पाणी पाजलं, संत्र्याच्या क्रीमचं बिस्कीट दिलं."

संत्र्याच्या क्रीमचं बिस्कीट खाणारं खेचर, यावर दोघं पोट धरून हसले. मीही हसलो. अन् मग उठलो अन् चांगला खाकरून, कोर्टात उभा असल्यासारखा बोललो. "नाकबूल. पुरावा काय? खेचर साक्षीला येणार आहे का? मी त्याला घट्ट बांधलं होतं. त्यानंच दोर सोडवून घेतला असन. गर्दी असते वेशीपाशी, जनावर आहे, गेलं इकडंतिकडं. यात माझा काय दोष?"

मैत्रिणीनं टाळ्या वाजवल्या. फासा टाकला, अठरा आले.

"सुटलास," पोरगी म्हणाली, अन् माझ्या पात्राला बढती दिली. तिनं नकाशा गुंडाळायला घेतला. डाव अजून बाकी होता, पण ती म्हणाली डोकं दुखून राहिलं, आज एवढंच.

परतताना नेहमीसारखा बडनेऱ्याला गाडीसाठी थांबलो. डोक्यात अजून माझंच भाषण घोळत होतं, झकास झालं म्हणून. चहा घेतला. टपरीवर बिस्किटांचे पुडे टांगलेले होते, त्यात संत्र्याच्या क्रीमचे. पोरगी हे बिस्कीट खात नाही. लहानपणी आवडीनं खायची, मग दुसरीत असताना एकदम सोडलं. मी म्हणायचो, नखरे.

ती दुसरीत असताना अमरावतीला एक लग्न होतं. तिची आई दोन दिवस मागे राहणार होती, पोरीला घेऊन मी निघालो. बडनेऱ्यावरून अकोल्याची गाडी. मला लग्नातलं जेवण आठवतं अन् त्यानंतर घरात दुसऱ्या दिवशीचं ऊन. मधलं काही नाही. उठलो तेव्हा तिच्या मावशीचा हात धरून पोरगी दारात उभी होती, अन् अमरावतीहून धावत आलेली बायको रडत भांडत होती की पोरीला फलाटावर सोडून आलास. मी तेव्हाही उभा राहून म्हणालो होतो की मी सोडलं नाही, गर्दी होती, तीच हात सोडवून गेली. इतक्या वेळा म्हणालो की मलाच ते खरं वाटायला लागलं. ती कुठं बसली, किती वेळ, तिला कोणी पाणी पाजलं, हे मी त्या दिवशी विचारलं नाही अन् पुढेही कधी नाही.

आज तिनं आपण होऊन सांगितलं, अन् मी म्हटलं पुरावा काय. शब्दही तेच. तिला जनावर म्हणालो ते आणखी. चहाचा कप हातात तसाच राहिला. इतकी लाज मला पीत होतो त्या दिवसांत कधी वाटली नव्हती. गाडी आली तर चढायची हिंमत होईना. सोडली ती गाडी.

आठवडाभर फोन केला नाही. म्हटलं, जाऊच नये आता. मग वाटलं, न जाणं म्हणजे पुन्हा तेच, आलोच म्हणून निघून जाणं. गेलो. ती दोघं आली होती, दह्यात खायचे गिले वडे आणले होते, चटणीच्या पिशव्या सोडून राहिली होती. पोरगी फासे मांडत होती. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "मागच्या वेळचं मी कबूल करतो."

रेल्वेतला पोरगा म्हणाला, "काका, ते तं सुटलं ना. अठरा आले होते तुमचे."

पोरीनं वर पाहिलं. "काय कबूल करता?"

"मले आठवत नाही," मी म्हणालो. "खरंच आठवत नाही. पण तू म्हणतेस तं तसं झालं असन."

"असन नाही."

"झालं," मी म्हणालो. "तू हात नाही सोडवला. मी सोडून गेलो."

पोरीनं फासे बाजूला केले अन् ताटल्या माझ्याकडे सरकवल्या. "नियम माहीत आहे ना? वाढा मग."

मी वाढायला घेतलं. आधी पाहुण्यांना, वडे, वरून दही, चटणी. दही ताटलीबाहेर सांडलं. पोरगी माझ्या हाताकडे बघत होती. तिच्यापाशी आलो, वाकलो, तशी ती किंचित पुढे झाली अन् माझ्या तोंडापाशी हळूच वास घेतला. त्या दोघांना कळलंही नसेल. मला कळलं, ती लहान असताना मी घरी आलो की दार उघडताना हेच करायची. मी हात मागे घेतला नाही. तिचं समाधान होईपर्यंत तसाच वाकून उभा राहिलो.