तुळजाजीचं अठरावं वर्ष

तुळजाजीनं माझ्या तोंडावर किती दाढ्या चिकटवल्या, त्याला गणती नाही. ऋषीची, भिकाऱ्याची, एकदा तर आंधळ्या राजाची! त्याची बोटं हनुवटीवरून फिरली की कुठे खळगा, कुठे हाड, सगळं त्याला कळायचं. पुढे घरोघर टीव्ही आले आणि आमची नाटक कंपनी मिटली. मी घरी बसलो. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, त्याला बसून चालणार नव्हतं.

सत्याण्णव साली पापनाशमजवळ, कालव्याच्या काठी, कीटकनाशकाचं एक जुनं गोदाम साफ करायला काढलं. पोती कुजून पावडर जमिनीत मुरली होती, आजूबाजूच्या विहिरींना वास येत होता. माती उकरून न्यायची होती. तिथे पंधरा दिवसांचं शिक्षण घेऊन तुळजाजी सेफ्टी वॉचर झाला. खड्ड्याभोवती बांधलेल्या दोरीच्या आत उतरणाऱ्या प्रत्येकाचा मास्क तोंडाला घट्ट बसलाय ना, हे बघायचं.

"अण्णा, परत तोंडांचंच काम मिळालं," तो मला हसत म्हणाला.

बायको गेल्यापासून तो एकटा होता. त्याचा गोतावळा म्हणजे आमच्या गावच्या राजवाड्यामागच्या गल्लीतली अय्यप्पाची मंडळी. कार्तिक लागला की माळ घालायची, काळं नेसायचं, अनवाणी राहायचं, दाढी करायची नाही, एकमेकांना 'सामी' म्हणायचं, संध्याकाळी भजन, आणि मग सगळ्यांनी मिळून शबरीमलेला जायचं. सतरा वर्षं त्यानं खंड पडू दिला नव्हता. अठराव्या वर्षी नारळाचं रोप घेऊन डोंगर चढतात, मग माणूस गुरुस्वामी होतो. त्याचं रोप परसात तयार होतं.

कार्तिकात साइटवरच्या चौदा मजुरांपैकी सहा जणांनी माळ घातली, तुळजाजीनं तर घातलीच होती. चार दिवसांच्या दाढीवरही मास्क बसत नाही, फटीतून हवा आत येते. तुळजाजीनं सांगून पाहिलं.

"सामी, आधी आरशात बघा की!" मजूर हसले.

मग त्यानं परीक्षा ठरवली. मास्क चढवायचा, समोर कर्पूर धरायचा. वास आला तर मास्क गळतोय. पण चौदाच्या चौदा म्हणाले, वास येतो! गुळगुळीत गालांचेसुद्धा! पट्टे आवळले, मास्क बदलले, तरी तेच. अर्धा दिवस गेला. शेवटी सुब्रह्मण्य नावाच्या बिनदाढीच्या मजुरानं त्याला बाजूला घेतलं.

"देवाचा कर्पूर आहे, सामी. वास आला नाही असं कोण म्हणेल? माझ्या बायकोचे दिवस भरत आलेत, देवाचा कोप नको."

तुळजाजीनं कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी त्यानं हिंग नेला. हिंगाला कोण भितो? आठ जण म्हणाले, वास नाही. सहा दाढीवाल्यांची तोंडं वाकडी झाली. त्यांना त्यानं दोरीबाहेर, रिकामी पोती आणि पाणी पोचवायला लावलं. सुपरवायझर हरिप्रसाद ओरडला, "पाऊस आला की सगळं कालव्यात जाईल! माणसं कमी करून कसं चालेल?" तुळजाजी हलला नाही.

नंतर त्यानं स्वतः मास्क चढवून हिंग हुंगला. झणझणीत वास आला.

दोन दिवस तो खड्ड्याच्या काठावरूनच पहारा करत राहिला. तिसऱ्या दिवशी वरून त्याला दिसलं, सुब्रह्मण्य मास्क वर करून पावडर लागलेल्या हातमोज्यानं घाम पुसतोय. तो ओरडला, पण खाली ऐकू गेलं नाही. आत कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं.

दुसऱ्या सकाळी तो दाढी करून, माळ हातात घेऊन भजनाच्या घरी आला. मी तिथेच होतो. गुरुस्वामी सूर्यनारायण त्याच्याकडे बघतच राहिले.

"अठरावं वर्ष होतं रे, तुळजा!"

"होतं, सामी."

"आणखी एक महिना दुसरं कुणी उभं राहिलं नसतं?"

"विचारलं मी. कुणी नाही."

सूर्यनारायण रागावले नाहीत. त्यांनी माळ घेतली, डोळ्यांना लावली आणि देवापुढे ठेवली. तुळजाजी सवयीनं झांजांपाशी बसायला निघाला, मग थांबला, चपला घालून बाहेर पडला. त्याला थांब म्हणायला हवं होतं मी. सगळा जन्म रंगभूमीवर बोलण्यात गेला, आणि तेव्हा मी नुसत्या त्याच्या झांजा उचलून घेतल्या.

मंडळींची बस निघाली त्या दुपारी मी चिंचेचा भात बांधून साइटवर गेलो. सहा दाढीवाले एका झाडाखाली जेवत होते. व्रत मोडलेल्याजवळ ते बसत नसत. बाकीचे आठ दुसरीकडे. सारखा टोकणारा माणूस त्यांना जेवताना नको होता. तुळजाजीनं कोपरापर्यंत तीनदा साबण लावून हात धुतले आणि माझ्याजवळ बसला.

"बस गेली?"

"गेली."

"अस्के जण गेले?"

"हो, सगळे."

त्यानं भात संपवला, केळीचं पान दुमडलं. "अण्णा, तुम्ही दोरीच्या जवळ येऊ नका. वारा इकडेच येतोय."

मग पांढरे पोशाख चढवून नऊ जण खड्ड्यात उतरले. सगळे एकसारखे. ज्यानं माझं तोंड वीस वर्षं रंगवलं, तो त्यातला कोणता हे मला ओळखता येईना. मी तरीही हात हलवला. खालून दोघांनी हात हलवले; त्यातला एक तो असावा.