टाचणी काढलेले शब्द

सरांचा खेळांचा इंग्रजी-मराठी शब्दकोश मोबाइलवर आला, त्यात अर्धी मेहनत माझी हाय. उरलेली अर्धी मेहनत माझी मेहनत निस्तरण्यात गेली.

मी मैदानावर फक्कीनं पट्टे आखणारा माणूस. चौथीतच शाळेचा अन् माझा काडीमोड झाला. इंग्रजी बिलकुल नाय, मराठी बोट ठेवून. सर शाळेत खेळ शिकवायचे तवापासून त्यांच्या मैदानाची आखणी माझ्याकडं. रिटायर झाल्यावर त्यांनी पुंडलिकनगरच्या घरात बुटांच्या खोक्यांत शब्द साठवले. एका चिठ्ठीवर इंग्रजी शब्द, दुसरीवर मराठी, दोन्हीला मिळून एक टाचणी.

सिल्लोडला कबड्डी शिकवणाऱ्या एक मॅडम हायत. त्या नियमांचं इंग्रजी पुस्तक उघडायच्या अन् दर दोन दिवसाला सरांना फोन लावायच्या, ह्याला मराठीत काय म्हणायचं? सर तोंडपाठ सांगायचे. पण वय झालेलं, अन् नजरबी चालली होती. आता चष्म्याचाबी उपयोग नाय असं डॉक्टरनं सांगितलं, तवा ते लेकीला म्हणले, "मी गेल्यावर त्या बाईनं फोन कुणाला करायचा?"

लेक म्हणजे आमच्या ताई, कंप्युटरवाल्या. त्या म्हणल्या, चिठ्ठ्यांचे फोटो काढून द्या, शब्द टाकला की त्याचा जोडीदार समोर येईल असं मी करते. ताईंना ऑफिस, सरांना दिसंना. मी काम मागून घेतलं. कुणी दिलं नव्हतं.

टाचण्या गंजलेल्या. फोटोत डाग दिसतील म्हणून मी एकेक टाचणी हलक्या हातानं काढली, डबीत भरली. मग चिठ्ठ्या लावल्या मैदानाच्या कायद्यानं. सामन्याच्या आधी दोन संघ दोन बाजूला उभे करतात ना, तसं. इंग्रजी सगळे एकीकडं, मराठी सगळे दुसरीकडं. दोन दिवस खपलो. रांगा इतक्या सरळ की मीच लांब उभा राहून बघत होतो.

संध्याकाळी ताई आल्या अन् दारातच खाली बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सोप्या जोड्या त्यांनी लावल्या. पण लई जोड्या अशा होत्या की त्या फक्त सरांच्या डोक्यात. सरांना सांगायचं माझ्यावर आलं. सांगितलं. ते म्हणले, "वाच."

रोज सकाळी मी मराठी चिठ्ठी वाचायचो, सर तिचं इंग्रजी सांगायचे, ताई ती चिठ्ठी हुडकून जोडी टाइप करायच्या अन् मग ऑफिसला पळायच्या. मी इतका हळू वाचायचो की माझा निम्मा शब्द होतोय तोवर सरांचं उत्तर यायचं. मी त्यांचा वेळ खात होतो, अन् वेळच तर त्यांच्याकडं कमी होता.

एक दिवस मी 'निदान रेषा' वाचलं अन् सर गप. परत वाचलं. त्यांनी चिठ्ठी मागून घेतली अन् बोटांनी चाचपायला लागले. नजर गेली तवा ते एवढे घाबरले नव्हते.

मला इंग्रजी येत नाय, मदत काय करणार? मी उठलो, दिवाण सरकवला अन् फक्कीचं डबडं हातात हाय असं समजून खोलीतच कबड्डीचं मैदान आखत चाललो. "सर, ही मधली रेषा. आता पुढं येतोय. चढाईवाल्याला एवढी तरी ओलांडावीच लागती, नायतर बाद. ती ही. उभा हाय मी तिच्यावर."

सर माझी पावलं ऐकत होते.

"बॉक लाइन," ते म्हणले. ताईंनी टाइप केलं अन् तोंड दुसरीकडं फिरवलं.

सगळ्या जोड्या लागल्या. ताईंनी कोश सिल्लोडच्या मॅडमला पाठवला. त्या आठवड्यात त्यांचा फोनच आला नाय. सर खुश होते, म्हणजे व्हायलाच पाहिजे. पण मोबाइल काही उशापासून हलवू देईनात, वाजेल म्हणून.

त्यांचं मन दुसरीकडं वळवावं म्हणून मी म्हणलं, सर, कोशात खाली बारीक अक्षरात माझं नाव टाकायला सांगा की ताईंना, मदतनीस म्हणून.

सर हसले नाय.

"नावाचं राहू दे," ते म्हणले. "टाचण्या त्या डबीतच आहेत ना? बस खाली, एकेक शब्द मला विचार आणि टाचणी परत लाव."