एकतीस नंबरची ओळ

विद्वान माणसं मला सहन होत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. चार-चार वर्षं एकाच विषयावर कागद काळे करतात आणि शेजारच्या खोलीत दुसरा विद्वान काय करतोय, याचा पत्ता नसतो. हे मी ऐकीव बोलत नाही. अठ्ठ्याहत्तरपासून सात वर्षं, वाशीतल्या आमच्या सिडकोच्या इमारतीत, असल्या चाळीसेक जणांचे प्रबंध मी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत मोठ्यानं वाचलेत. वाचायची मी, टाईप करायची माझी शेजारीण वैजयंती शेडगे.

वैजयंती लग्नाआधी फोर्टात टायपिंग शिकवायची. नवरा नंदकुमार तुर्भ्याला, भट्टीला आतून लावायच्या विटांच्या कारखान्यात, म्हणून लग्नानंतर काही वर्षांनी खाडीच्या अलीकडे आली. येताना आपलं जुनं मशीन टॅक्सीत मांडीवर घेऊन आली. तक्ता टाईप करावा तर तिनंच. आकड्याखाली आकडा असा बसायचा की फूटपट्टी लावून बघा. म्हणून तर मुंबईची पोरंपोरी पूल ओलांडून, बस बदलत आमच्या जिन्यापर्यंत यायची. एक जण पुलाच्या खांबांना तडे का जातात ते शोधत होता. एकाचं सगळं आयुष्य बेडकाच्या हृदयाला विजेचे झटके देण्यात चाललं होतं. अरुणा नावाची एक वकील मुलगी कारखान्यातल्या आजारांच्या कायद्यावर लिहीत होती. आणि एक बाई सारसोळ्याच्या कोळणींकडून चिखलातले निवटे मासे आणून त्यांची लांबी-रुंदी मोजायची. तिला वैजयंतीनं विचारलं, "एवढे मोजलेत, एखादा तळून खाल्लात का?" ती बिचारी शाकाहारी निघाली.

कामाची आमची एक रीत होती. एका वेळी पाच कागद, मध्ये चार कार्बन. चूक झाली तर पाचही कागदांवर ब्लेडनं अलगद खरवडायची. म्हणून चूक करायचीच नाही. मग पानं झाली की आम्ही ताडून बघायला बसायचो. हाताचं लिखाण माझ्याकडे, टाईप केलेलं पान तिच्याकडे. मी शाळेत शिकवून आले की चहा घेऊन सुरू: शब्द, कॉमा, शब्द, फुलस्टॉप. ओळ जुळली की ती पेन्सिलीची टीक करायची. एकदा वाचलेली ओळ दुसऱ्यांदा वाचायची नाही, हा तिचा कडक नियम. "अर्थाकडे बघू नकोस गं जयमाला," म्हणायची. "अर्थ दिसला की बोटं अडखळतात."

एक्क्याऐंशीच्या ऑक्टोबरात डॉक्टर मधुकर उपासनींचा प्रबंध आला. चांगला पोरगा, एम.डी. करत होता, घाबरटही तेवढाच. विषय होता दगडाच्या धुळीनं होणारा छातीचा आजार. तुर्भ्याच्या कुठल्याशा कारखान्यात वर्षापूर्वी शिबिर घेऊन त्यानं साठ कामगारांचे एक्स-रे काढले होते. ना कारखान्याचं नाव, ना कामगारांची, नुसते नंबर. वय, जिल्हा, खातं, किती वर्षं काम, फुप्फुसाची अवस्था, शेरा.

गुरुवारी आम्ही तो तक्ता ताडायला घेतला. मी आपली धडाधड वाचत होते. तीस नंबर झाला. एकतीसवर नजर गेली आणि मी वाचायची थांबले. वय त्रेचाळीस. सातारा. गारगोटी दळायची चक्की. बारा वर्षं. दोन्ही फुप्फुसांत आजार, दुसरी अवस्था. शेरा: नखं तपासली, डाव्या करंगळीचं वरचं पेर नाही.

आमच्या नंदकुमार भावोजींच्या डाव्या करंगळीचं पेर मशीनच्या पट्ट्यात सापडून गेलं होतं. मीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. आणि मागच्या वर्षी कारखान्यातल्या शिबिरानंतर हेच भावोजी पेढे घेऊन आले होते: "ऑफिसनं सांगितलं, सगळं नॉर्मल!"

मी काय करावं? मी एकतीस गाळला आणि बत्तीस वाचायला लागले. गाढवपणा, दुसरं काय.

"एकतीस राहिला," वैजयंती म्हणाली.

"राहिला का? बघू हं..."

"जयमाला, ते पान मी मंगळवारी टाईप केलंय. पाच कॉप्या. वाच."

मी वाचला. कसा वाचला माझं मला ठाऊक. तिनं ओळीवर टीक केली आणि म्हणाली, "पुढे." साठच्या साठ नंबर आम्ही संपवले. मग ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडला. नळाच्या आवाजात बाई रडते तेव्हा दाराशी जाऊ नये, एवढं मला कळतं. पण मी गेले, आणि तिला धरून उभी राहिले.

भावोजींना तिनं लगेच सांगितलं नाही. आधी डॉक्टरला गाठायचं, म्हणाली. रविवारी तो पानं न्यायला आला. तिनं पानांची पिशवी त्याच्या हातात दिलीच नाही.

"डॉक्टर, साठांपैकी एकोणीस आजारी. त्यांना कोणी सांगितलं?"

"रिपोर्ट मी कारखान्याच्या ऑफिसात दिले. त्यांनी सांगायचं ठरलं होतं."

"नाही सांगितलं. आणि सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवलंत?"

"मी? मी कशाला? हे संशोधन आहे हो, वहिनी."

"ज्या डॉक्टरला कारखान्यातला असा रोगी सापडेल, त्यानं स्वतः इन्स्पेक्टरला कळवायचं. कायदा आहे तसा."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला नाही, मला आहे. अरुणाबाईंच्या प्रबंधात, तिसरं प्रकरण. मी टाईप केलंय."

आणि मला म्हणे अर्थाकडे बघू नकोस! लबाड. एवढी वर्षं ही बाई सगळं वाचत होती. डॉक्टरनं कायदा उघडला नव्हता, वकिलिणीनं एक्स-रे पाहिला नव्हता, आणि दोघांचं सगळं हिच्या दहा बोटांखालून गेलं होतं. डॉक्टर खुर्चीत बसला. कारखान्यानं परवानगी काढून घेतली तर, प्रबंध अडकला तर, असं काहीबाही पुटपुटला. वैजयंतीनं त्याला पाणी दिलं. "आतल्या खोलीत एकतीस नंबर झोपलाय," ती म्हणाली. "माझा नवरा आहे तो."

पोरानं पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "मशीनवर कागद चढवा, वहिनी." इन्स्पेक्टरच्या नावानं एकोणीस पत्रं झाली. प्रत्येकावर त्यानं सही केली. हे मात्र मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवते.

भावोजी उठून बाहेर आले तोवर शेवटचं पत्र मशीनवर होतं. वैजयंतीनं त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं, चक्की सोडून स्टोअरमध्ये बदली मागा म्हणाली. बाकी काही नाही, पहिला प्रश्न त्यांनी हाच केला: "तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज रविवार. पाच दिवस मला भाकरी वाढत होतीस आणि गप्प होतीस?"

"आधी पक्कं करत होते."

मग भडकले. बारा वर्षांनी चक्कीवर चार्जहँड, म्हणजे टोळीचा म्होरक्या, झालेला माणूस, स्टोअरमध्ये खिळे मोजत बसणार नाही म्हणाले. खोकला सगळ्यांनाच असतो म्हणाले. डॉक्टर आणि मी चपला शोधायला लागलो. तेवढ्यात वैजयंती बोलली, आमच्या देखत, आवाज न चढवता: "तुमची चार्जहँडगिरी मला नको. मला तुम्ही हवे आहात. म्हातारे झालेले हवे आहात." आमच्या पिढीत असं कोणी बोलत नसे हो. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी नाही. मी डॉक्टरला ढकलत जिन्यावर नेलं.

दोन दिवस भावोजींनी आपलं ताट आपणच वाढून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी चक्की सोडतो. पण बाकीच्या अठरा जणांचं काय?" वैजयंतीनं तेही पाहून ठेवलं होतं. धूळ ओढून घेणाऱ्या पंख्यांवर एका इंजिनिअर पोराचा प्रबंध तिनं त्याच्या आदल्या वर्षी केला होता. त्याचा पत्ता काढून डॉक्टरला दिला. इन्स्पेक्टर आला, ऑफिसातल्या लोकांनी आधी कानांवर हात ठेवले, मग चार महिने टाळाटाळ केली, मग पंखे बसले. भावोजी स्टोअरमध्ये गेले. जाताना कुरकुरले, पण गेले.

आजार गेला नाही. तो जात नाहीच, फार तर आहे तिथं थांबतो, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे त्यानं पहिल्या शिबिरानंतर तीन वर्षांनी त्याच लोकांचे पुन्हा एक्स-रे काढायचं ठरवलं, तेव्हा आमच्या दोन्ही घरांत टेन्शन. भावोजी हसत जाऊन फोटो काढून आले. डॉक्टरला मी जिन्यातच अडवलं, तर म्हणाला, निकाल मी तोंडी सांगणार नाही, लेखात आहे, वहिनींनीच टाईप करावा. वैजयंतीनं तो तक्ता एका दमात केला. चेहरा दगडासारखा. त्यावरून काही म्हणजे काही कळेना.

संध्याकाळी आम्ही ताडायला बसलो. सत्तावीस, अठ्ठावीस. दोघं आता नव्हते, त्यांच्या ओळी कोऱ्या होत्या. तीस झाला. मी थांबले. वैजयंतीची पेन्सिल कागदावर टेकलेली होती.

"एकतीस. वय सेहेचाळीस. सातारा. स्टोअर. अवस्था, कॉमा, पूर्वीइतकीच. फुलस्टॉप."

तिनं टीक केली नाही.

"परत वाच," म्हणाली.

मी परत वाचला.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा वाचताना तिचे डोळे घळघळा वाहत होते, आणि आतल्या खोलीतून भावोजी खोकत खोकत ओरडले, "अगं पुरे की! आहे मी अजून!"